नागपूरचा नंबर, माझा नंबर

स्क्रीनवरून लांबून काढलेला चष्म्याचा नंबर समोर बसून काढलेल्या नंबराशी जुळतो का, हे घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आम्ही करून पाहिलं. एकाच माणसाचे डोळे एकाच दिवशी दोनदा तपासायचे. शाळेच्या एका खोलीत मशीन, शेजारी आमची टेक्निशियन, आणि मशीनमधल्या काचा तिथूनच बदलणारा ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे चष्म्याचा नंबर काढणारा, नागपुरात, स्क्रीनवर. दुसऱ्या खोलीत मी, रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर ताडायचं उपकरण) आणि काचांची पेटी घेऊन. त्याचा नंबर मला कळणार नाही, माझा त्याला नाही. कापूस वेचणीचे दिवस. मजुरी बुडवून आलेल्यांना दोनदा बसवणं जिवावर आलं होतं.

सकाळी रेंजने छळलं. "पहिली बरी की दुसरी?" हा प्रश्न उशिरा पोचायचा, "दुसरी" हे उत्तर त्याहून उशिरा, तोवर तिसरी काच लागलेली. मग नागपूरकराने उत्तर आल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि गाडी रुळावर आली. चाळिशीवाल्यांचे नंबर तर जवळजवळ जुळलेच. पाव नंबराचा फरक मी फरक धरत नाही. तेवढा एकाच माणसाला सकाळ-संध्याकाळ तपासलं तरी पडतो.

मग एक आजी आल्या. माझ्यासमोर पदर सावरून बसल्या आणि प्रत्येक काचेला "हो बाई, दिसते." दोन्हींत बरी कोणती? "दोन्ही चांगल्या हायेत." मोतीबिंदूची सुरुवात, त्यामुळे रेटिनोस्कोपमध्येही प्रकाश धूसर, नीट हाती लागेना. उजव्या डोळ्याला मी उणे दीड लिहिला. नागपूरच्या कागदावर उणे सव्वादोन, वर पाऊण सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर! दोन्ही नंबर आळीपाळीने ट्रायल फ्रेममध्ये, म्हणजे काचा बदलता येणाऱ्या तपासणीच्या चष्म्यात, घालून, कुठला कोणाचा ते न सांगता, त्यांना दारात उभं केलं. त्यांनी नागपूरचा निवडला, तोही लगेच.

टेक्निशियनला विचारलं तेव्हा उलगडा झाला. स्क्रीनसमोर आजी भांडत होत्या म्हणे. "अरे बापू, हे तं वंगाळ हाय, मांगचंच लाव." पुण्यातल्या नातवाशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलायची सवय, स्क्रीनमधलं पोरगं त्यांना नातवासारखंच वाटलं असणार. समोर बसलेल्या मॅडमला मात्र नाही कसं म्हणायचं? समोरासमोरची तपासणी म्हणजे पक्की, हे मी आजवर गृहीतच धरलं होतं.

दुपारी चौथीतला एक मुलगा आला. फळ्यावरचं मधूनमधून दिसत नाही, डोकं दुखतं. नागपूरचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे पावणेदोन, आणि त्या काचेतून त्याने शेवटची ओळ घडाघडा वाचलेली. कागदावर बोट ठेवायला जागा नाही. पण माझ्या रेटिनोस्कोपखाली त्याच्या बाहुलीतला प्रकाश एका जागी थांबेना. घडीत उणे, घडीत काहीच नाही. लहान मुलांचा डोळा जवळचं बघण्यासाठी आवळलेला राहिला की खोटा उणे नंबर दाखवतो, आणि मशीनमध्ये डोकावताना तो आणखी आवळतो. सायक्लोपेंटोलेटचे थेंब टाकून डोळ्यातले आवळलेले स्नायू सैल पडेपर्यंत पाऊण तास बसवलं आणि पुन्हा पाहिलं. उणे गायब, उलट अधिक अर्धा. म्हणजे चष्म्याची गरजच नाही.

बाप वैतागला. "तिकडं म्हनते नंबर हाय, इकडं म्हनते नाही. मंग मी रोज पाडून आलो कशाले?" त्याला समजावायला मुलाच्या तपासणीपेक्षा जास्त वेळ लागला. मोबाइल किती बघतो म्हटल्यावर मुलगा खाली बघू लागला, आणि बापाचा मोर्चा तिकडे वळला.

संध्याकाळी नागपूरकराशी फोनवर बोलले. आजीचं ऐकून तो खूश, मुलाचं ऐकून गप्प. लहान मुलांना स्क्रीनवरून चष्मा द्यायचा नाही, एवढं आम्ही तिथल्या तिथे ठरवलं. पण मग त्यांना थेंब टाकायला गावोगाव कोणी जायचं? टेक्निशियनला ती परवानगी नाही, आणि तालुकाभर फिरणारी मी एकटी. मोठ्यांचे नंबर नागपूरवर सोपवून माझे दिवस शाळांसाठी मोकळे करावेत, असं मी कळवलंय. मंजुरी अजून यायची आहे.