राळ, तांबं आणि रंकाळा

वेरूळच्या लेण्यांचं एक जुनं छापील चित्र पाहिलं आणि मी त्यातल्या सावलीतच अडकलो. मूळ रेखाटन जेम्स वेल्स यांचं, छाप १८०३ चा, थॉमस डॅनियल यांचा. वरचे रंग हातानं भरलेले. पण दगडावरची ओलसर सावली तांब्याच्या पत्र्यातून उठलेली. अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे तांब्यावर आम्लानं सावली कोरून छापायची रीत! कोल्हापूरच्या रंकाळा तलावाची पावसाळी संध्याकाळ अशीच छापायची, हे तिथंच ठरलं.

रेघेला सुई पुरते, सावलीला राळ लागते. राळेची पूड पत्र्यावर बसवायची, खालून तापवून चिकटवायची. मग आम्ल कणांमधल्या फटींतलं तांबं खातं आणि त्या खळग्यांत शाई धरते. आम्ल म्हणून मी फेरिक क्लोराइड वापरलं, सर्किट बोर्डवाले वापरतात तेच.

तोंडाला मास्क लावून खोक्यात राळ उधळली. जाड कण खाली बसू दिले, मग पत्रा आत सरकवला. पाऊण तासानं बाहेर काढतोय, तोच आईनं चहा आणला आणि उकडतंय म्हणून पंखा लावला.

"काय रं, पीठ सांडलंस व्हय?"

दुसऱ्या खेपेला चूक माझीच. पांढरी पूड वितळून काचेसारखी दिसली की शेगडीवरून उतरवायचं असतं. मी खात्रीसाठी मिनिटभर जास्त ठेवलं. कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा झाला, आम्लाला शिरायला फटच उरली नाही. छाप जवळजवळ कोरा. स्पिरिटनं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्यांदा जमलं. पांढरं हवं ते आधीच लाखेच्या वार्निशनं झाकायचं, बुडवायचं, धुवायचं. मग फिकट करडं झाकून पुन्हा बुडवायचं. जलरंगात चुकलेली छटा थोडी तरी उचलता येते, इथं घड्याळच कुंचला. आभाळाला अर्धं मिनिट दिलं, पाण्याला दोन, तलावातल्या दगडी संध्यामठाला एकूण आठ. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७९९ च्या ८० छापचित्रांतला काळोख असाच टप्प्याटप्प्यानं खोल गेलाय, हे हात काळे झाल्यावरच कळलं.

शाई भरली, जाळीच्या कापडानं पुसली, ओलसर कागद ठेवून प्रेसचं चाक फिरवलं. कागद उचलला तर पाण्यावर खरंच पावसाळी करडा दाणा उतरला होता. धावत आईला दाखवला.

तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "झ्याक झालंय. पर शालिनी पॅलेस त्या अंगाला कसा गेला रं?"

पत्र्यावर चित्र आरशातल्यासारखं उलटं काढायचं राहिलं होतं.