खत पाण्याबरोबर जातं, पण थांबतं कुठे?

एम-९ सारख्या, झाड बुटकं ठेवणाऱ्या खुंटावर कलम केलेल्या सफरचंदाला मुळांचा पसारा फारसा नसतो. हेक्टरी ३००० झाडं धरली तर एका झाडाच्या वाट्याला ३.३ चौरस मीटर जमीन येते, आणि खरी कामाची मुळं असतात ती ठिबकच्या नळीखालच्या ओल्या पट्ट्यात, वरच्या ३०-४० सेंटिमीटरमध्ये. या पट्ट्याखाली निसटलेलं खत गेलं ते गेलंच.

म्हणून ठिबकमधून खत देताना पाळीतला, म्हणजे एका वेळच्या पाणी देण्यातला, क्रम महत्त्वाचा. आधी साधं पाणी, मग खत, शेवटी नळ्या धुण्यापुरतं पुन्हा साधं पाणी. ‘खत सोडून मोकळं होऊ, मग पाणी चालू दे’ या सवयीनं नायट्रेट पाण्याच्या पुढे पुढे ढकललं जातं आणि मुळांच्या खाली उतरतं. धुवायला किती वेळ लागतो, हे अंदाजानं ठरवू नका. खत ओढायला लागल्यापासून सर्वांत लांबच्या ड्रिपरखाली धरलेल्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, विरघळलेल्या क्षारांचं माप) वाढेपर्यंत घड्याळ लावा. तितकी मिनिटं आणि वर थोडी, एवढं धुणं पुरतं.

मात्रेचा हिशोब सोपा आहे. झाडामागे हंगामात २० ग्रॅम नत्र द्यायचं ठरलं (नेमका आकडा पान परीक्षण आणि वाढ बघून ठरवा), तर हेक्टरी ६० किलो. दहा आठवड्यांत वाटलं की आठवड्याला ६ किलो. कॅल्शियम नायट्रेटमध्ये नत्र १५.५ टक्के, म्हणजे आठवड्याला सुमारे ३९ किलो, आणि तेही दोन पाळ्यांत विभागून. कळ्या फुटायच्या आधी घाई नको. पहिली पानं आणि फुलं लाकडात साठवलेल्या नत्रावर निघतात. थंड जमिनीतली मुळं फारसं काही उचलत नाहीत. उशिरापर्यंत नत्र चालू ठेवलं तर शेंडे वाढत राहतात, फळ हिरवटच राहतं.

पालाश, म्हणजे पोटॅशियम, फळ फुगताना लागतं. एक टन फळांबरोबर साधारण किलोभर किंवा थोडं जास्त पोटॅशियम बागेबाहेर जातं. पण हात सैल सोडला की ते कॅल्शियमच्या आड येतं आणि फळावर बिटर पिटचे तपकिरी खड्डे दिसतात. ठिबकमधून कॅल्शियम दिलं म्हणजे प्रश्न मिटला, हा समज माझ्या मते सगळ्यात महागात पडतो. कॅल्शियम बाष्पोत्सर्जनाच्या ओढीनं पानांकडे जातं, फळाला उरलंसुरलं मिळतं. फळांवरची फवारणी टळत नाही.

आता टाकी. कॅल्शियम नायट्रेटबरोबर १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट), ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) किंवा कुठलंही सल्फेट कालवलं की पाणी दुधाळ होतं, तळाशी साका बसतो आणि ड्रिपर बंद. दोन टाक्या ठेवा, पाळ्याही वेगळ्या. नवीन जोडी वापरण्याआधी बरणीत, त्याच विहिरीच्या किंवा तळ्याच्या पाण्यात, त्याच प्रमाणात कालवून दोन तास ठेवून बघा. ००:००:५० (पोटॅशियम सल्फेट) हट्टी आहे: २० अंशाला लिटरमध्ये जेमतेम ११० ग्रॅम विरघळतं, ८० च्या वर जाऊच नका. युरिया आणि १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) विरघळताना पाणी इतकं गार करतात की पिंपाला बाहेरून घाम फुटतो, आणि गार पाण्यात पुढचं खत विरघळायला मागत नाही. थोडं थोडं टाका, ढवळा, थांबा.

व्हेंच्युरी (पाण्याच्या दाबाच्या फरकावर पिंपातलं खत नळीत ओढणारं साधन) खत ओढत नसेल तर बहुधा दाबाचा फरक कमी पडतोय. मुख्य नळीवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळा. शोषनळीचं तोंड पिंपाच्या तळापासून पाचेक सेंटिमीटर वर हवं. डिस्क फिल्टर खत मिसळल्यानंतर, १२० मेशचा. आधी बसवलेला फिल्टर साका अडवणार कसा?

अमोनियमवाली खतं सतत दिली की ड्रिपरखालची माती हळूहळू आम्लधर्मी होते, तर दोन ओळींमधली होती तशीच राहते. मातीचे नमुने घेताना ड्रिपरखालचा वेगळा, मधल्या पट्ट्यातला वेगळा. ड्रिपरखालचेही दोन थर: ०-२० आणि २०-४० सेंटिमीटर. सगळं एकत्र कालवून पाठवलं, तर प्रयोगशाळेकडून येणारी सरासरी बागेतल्या कुठल्याच मुळाची नसते.