टाकीवरची पिशवी

आठवीत विज्ञानाच्या सरांनी आमच्याकडून शाळेच्या बागेत खड्डा खणून घेतला. त्यात केळीचं पान, सुती चिंधी आणि बाजारातली पातळ पिशवी पुरली. तसलीच दुसरी पिशवी पाण्याच्या टाकीवर उन्हात बांधली. नववीत खड्डा उकरला तेव्हा पानाचा मागमूस नव्हता, चिंधीचे चार धागे उरले होते. पिशवी मात्र धुतल्यावर तिच्यावरचं दुकानाचं नाव स्वच्छ वाचता आलं. टाकीवरची पिवळट पडली होती. सरांनी चिमटीत धरताच तिचा चुरा झाला. "संपली की हो सर!" आम्ही ओरडलो. सर म्हणाले, "संपली कुठे? आता हा चुरा वेचून दाखवा."

त्या चुऱ्यानेच मला पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या, अभ्यासाकडे ओढलं. त्या पिशवीचं प्लास्टिक, पॉलिथिन, म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्या तोडत जातात, आणि वस्तू ठिसूळ होते. मातीत ऊन पोचत नाही. शिवाय एवढ्या लांब साखळ्या जिवाणूंच्या पेशीत शिरू शकत नाहीत, म्हणून पुरलेली पिशवी जशीच्या तशी राहते. प्लास्टिक खाणारा जिवाणू जपानमध्ये सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं, तेव्हा अनेकांना वाटलं, प्रश्न सुटला. पण तो पेट बाटल्यांचं प्लास्टिक खातो, तेही सावकाश. आपल्या पिशव्या त्याच्या कामाच्या नाहीत.

शाळेमागच्या पुळणीवर तर हे रोज चालू आहे. जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, बाटल्यांची बुचं भरतीरेषेवर तापतात, वाळू त्यांना घासत राहते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान झालेल्या तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. किनाऱ्याच्या वाळूतले असे कण इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ मध्ये जगापुढे मांडले. हे कण मासे, शिंपले गिळतात. आपलं अर्धं गाव मासळीवर जगतं, म्हणून मला याची फार काळजी वाटते.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुलं पुळण साफ करणार आहेत, हे वाचून खूप आनंद झाला. मुलांनो, पिवळे पडलेले, तडकलेले तुकडे आधी उचला. नवी पिशवी चार दिवस थांबेल, ते थांबणार नाहीत. हात लावताच फुटतील, म्हणून खाली घमेलं धरा. मग भरतीरेषेवरची कोरडी वाळू चाळू. चाळण्या मी घेऊन येतो.