आजोबांच्या पीएफच्या कागदावरचं दुसरं नाव

आमच्या घरात आजोबांबद्दल दोनच गोष्टी बोलल्या जायच्या, ते कोळसा खाणीत लोडर, म्हणजे कोळसा भरणारे मजूर होते आणि त्यांनी आजीला सुख दिलं नाही. पुढे काही विचारलं की बाबा उठून बाहेर जायचे. मागच्या वर्षी जुन्या पेटीत आजोबांच्या पीएफची एक चिठ्ठी सापडली, त्यावर खाते नंबर होता, तिथून मी शोधायला लागलो.

कोळसा खाणवाल्यांचा पीएफ वेगळा असतो, सीएमपीएफ म्हणजे कोल माइन्स प्रॉव्हिडंट फंड, १९४८ च्या कायद्याचा. आणि दुसरा कागद म्हणजे बी फॉर्म रजिस्टर. तेव्हाच्या खाण कायद्याप्रमाणे प्रत्येक खाणीत ते ठेवावंच लागायचं, त्यात प्रत्येक कामगाराचं नाव, बापाचं नाव, वय, कामावर लागल्याची तारीख, मूळ गावचा पत्ता आणि सही नाहीतर अंगठा. आजोबांची चंद्रपूर जिल्ह्यातली खाण आधी खाजगी मालकाची होती, १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सरकारकडे आली, त्यामुळे त्याआधीचं रजिस्टर कुठे आहे हे कोणी धड सांगेना. चार चकरा मारल्या, एकदा तर वाळवी लागली म्हणून सांगितलं. शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, सोबत आजोबांचा मृत्यू दाखला आणि बाबा वारस असल्याचे कागद जोडले. हे आधीच जोडा, नाहीतर खाजगी माहिती आहे म्हणून अर्ज परत येतो.

झेरॉक्स आली. वय अंदाजे २२, कामावर लागले १९५८, आणि खाली अंगठा. त्या अंगठ्याकडे मी किती वेळ बघत बसलो सांगता येणार नाही, कारण त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

पण पीएफच्या नॉमिनीच्या कागदावर बायको म्हणून आजीचं नाव नव्हतं. दुसऱ्याच बाईचं होतं. तारीख १९६६ ची, म्हणजे तेव्हा बाबा पाच वर्षांचे.

मी सरळ आत्याकडे गेलो. ती आधी म्हणाली, "तिचं नाव काढू नको माह्या घरात." मग तासाभराने स्वतःच बोलायला लागली. लोडरला तेव्हा भरलेल्या टबांवर, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाड्यांवर पैसे मिळायचे, जितके टब तितका पगार, आणि आजोबांच्या जोडीला जो माणूस टब भरायचा तो छत कोसळून गेला. त्याची बायको आणि दोन पोरं खाणीच्या चाळीतच राहिली, आजोबा आधी त्यांना पैसे द्यायला जायचे आणि मग तिथेच राहायला लागले. पगाराच्या दिवशी आजी दोन्ही पोरांना घेऊन गेटवर उभी राहायची, तिथे सावकाराचा माणूसही उभा असायचा, त्याचं देऊन झालं की उरलेल्यात दोन घरं आणि दारू. आत्या म्हणाली की घरी आले की ते आजीला मारायचे, ती सहा-सात वर्षांची असताना दाराआड उभी राहून बघायची.

मला त्या विधवा बाईचा राग येत नाही, तिच्या पोरांना कोणीतरी बघायलाच हवं होतं. पण मारणं मी माफ करू शकत नाही, अंधारात वाकून दिवसभर कोळसा उपसला, मित्र डोळ्यासमोर गेला, हे सगळं मान्य, तरी नाही. आत्या हे सांगताना सत्तरीची बाई लहान पोरीसारखी पदर चावत होती.

बाबांना कागद दाखवायचं धाडस मला दीड महिना झालं नाही. दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि एवढंच विचारलं, "आईचं नाव कुठेच नाही का?"

नव्हतं. मग आत्याचंच एक वाक्य आठवलं, आजी सुद्धा खाणीवर कामिन, म्हणजे मजूर बाई होती. १९४६ पासून बायकांना खाणीत खाली उतरायला बंदी होती, पण वर कोळशातले दगड वेचायला त्या असायच्या, आजी लग्नाआधीपासून ते काम करायची. म्हणजे ती नुसती कोणाची बायको नव्हती, ती स्वतः कामगार होती आणि तिचीही ओळ बी फॉर्ममध्ये असायला हवी, तिच्या स्वतःच्या अंगठ्यासकट.

परवा दुसरा अर्ज टाकला, आजीच्या नावाने. अर्जावर सही बाबांनी केली.