शड्डूचा शॉट : दोन-दोन फ्रेमवरच्या अ‍ॅनिमेशनची नोंद

तालमीतल्या छोट्या पैलवानावर मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करीत असलेल्या लघुपटातला शड्डूचा शॉट आता पुरा झाला आहे. तो कसा उभा राहिला, आणि त्यासाठी ‘द पीनट्स मूव्ही’ हा चित्रपट फ्रेमागणिक थांबवून पाहताना काय हाती लागले, एवढेच या नोंदीत लिहितो. शॉट अवघा दोन सेकंदांचा, म्हणजे ४८ फ्रेमचा आहे : पैलवान समोर पाहतो, मान वळवतो, किंचित वाकतो आणि मांडीवर शड्डू ठोकतो.

चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली आणि तिचे शेवटचे रविवारचे चित्र १३ फेब्रुवारी २००० रोजी, त्यांच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी छापून आले. इतकी वर्षे मदतनीस न घेता एकाच माणसाने काढलेली ही रेषा ब्लू स्काय स्टुडिओने २०१५ मध्ये स्टीव्ह मार्टिनो यांच्या दिग्दर्शनाखाली त्रिमितीत आणली. खरी अडचण अशी होती, की शुल्झ यांनी मालिकेचा नायक चार्ली ब्राउन याचे डोके समोरून, बाजूने आणि पाऊण बाजूने जसे काढले, तसे डोके प्रत्यक्षात घडवताच येत नाही. बाजूने पाहताना त्याच्या कुत्र्याचे, स्नूपीचे, दोन्ही डोळे नाकाच्या एकाच अंगाला दिसतात, आणि वाचकाला त्यात काही खटकतही नाही. कागदावर जे खपते ते संगणकातल्या घन आकारावर खपत नाही, म्हणून त्या अ‍ॅनिमेटरांनी प्रत्येक कोनासाठी चेहऱ्याची मांडणी वेगळी ठेवली आणि डोके वळताना मधले कोन गाळून एका मांडणीवरून दुसरीवर थेट उडी घेतली. मला या चित्रपटातले सर्वांत अवघड काम हेच वाटते. केसाळ कातडी आणि बर्फ हल्ली पुष्कळांना जमतात.

माझ्या रिगमध्ये, म्हणजे पात्र हलवण्यासाठी त्याच्या आत बसवलेल्या हाडांच्या सांगाड्यात, हेच तत्त्व मी साध्या मार्गाने बसवले आहे. डोके एकच, जवळजवळ चेंडूसारखे गोल. त्यावर डोळे, भुवया आणि तोंड यांचे ग्रीस पेन्सिलने (ब्लेंडरमधले रेषा काढण्याचे साधन) काढलेले तीन संच आहेत, आणि मानेच्या हाडाचा कोन पाहून ड्रायव्हर, म्हणजे एका मूल्यावरून दुसरे आपोआप ठरवणारी सोय, त्यांपैकी एकच संच दाखवतो. मान वळते त्या जागी मधला संच एकाच पोझपुरता येतो आणि जातो. थांबवून पाहिले तर तो चेहरा विचित्र दिसतो, कारण नाक गालावर सरकलेले असते. चालत्या चित्रात मात्र मान झटक्यात फिरल्याचा भास पक्का होतो. रेषांची जाडी मुद्दाम कमीजास्त ठेवली आहे. शुल्झ एस्टरब्रुकचे ९१४ क्रमांकाचे निब वापरीत आणि त्याच्या दाबानुसार रेषा भरत किंवा बारीक होत असे. सगळीकडे सारख्या जाडीची रेषा दिली, की चेहरा स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो.

आता मुख्य भाग, शड्डू. त्या चित्रपटातील पात्रांची हालचाल बहुतेक ठिकाणी दोन-दोन फ्रेमवर आहे, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी पोझ १२ च बदलतात, आणि वेगासाठी मोशन ब्लरऐवजी (हालचालीने येणाऱ्या अस्पष्टपणाऐवजी) जादा हातपाय आणि वेगरेषा वापरल्या आहेत. ब्लेंडरला दोन कींच्या, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या पोझच्या, मधली जागा गुळगुळीत भरून टाकण्याची सवय आहे. ती मोडण्यासाठी सर्व कींना कॉन्स्टंट इंटरपोलेशन दिले, म्हणजे पुढची की येईपर्यंत पोझ तशीच थांबते, आणि पोझ फक्त विषम फ्रेमवर ठेवल्या. ३१ व्या फ्रेमवर हात डोक्याच्या वर आहे. ३३ व्या फ्रेमवर एकाऐवजी तीन हात आहेत, त्यांतले दोन केवळ बाह्यरेषेचे, आणि ३५ व्या फ्रेमवर तळवा मांडीला लागून चपटा झालेला आहे. मध्ये दुसरी पोझ नाही. आणखी एक पोझ घातली, की हात मांडीवर ठेवल्यासारखा वाटतो आणि शड्डूतला माज निघून जातो. आवाज मी ३६ व्या फ्रेमवर ठेवला आहे. थाप आधी दिसून मग ऐकू आली की ती कानाला भरदार लागते.

मातीसाठी पार्टिकल सिस्टिम, म्हणजे असंख्य कण आपोआप उडवणारी सोय, वापरलेली नाही. आपल्याकडच्या कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद मुरलेली असते, त्यामुळे ती धुळीसारखी उडत नाही, गोळा-गोळा होऊन खाली पडते. म्हणून काही मोजके तुकडे हाताने काढून तेही दोन-दोन फ्रेमवर टाकले. प्रकाश दोनच छटांचा आहे : ब्लेंडरमधला शेडर टू आरजीबी हा नोड उजेडाचे रंगात रूपांतर करतो आणि त्यापुढचा कॉन्स्टंट कलर रॅम्प त्या रंगाचे सरळ दोन भाग पाडतो. मागची कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाची चढती बैठक सपाट पट्ट्यांनीच दाखवली आहे. मूकपटांच्या काळात दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी याच गावात रंगवलेले पडदे बाजूला सारून भरीव सेट उभे केले, आणि शंभर वर्षांनी मी भरीव मॉडेल करून ते पडद्यासारखे दिसावे म्हणून झटतो आहे, याची थोडी गंमत वाटते.

कॅमेरा या शॉटमध्ये स्थिर असल्याने एक प्रश्न पुढे ढकलला गेला आहे. पुढच्या शॉटमध्ये पैलवान हौद्याभोवती धावतो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर सरकतो. कॅमेरा प्रत्येक फ्रेमला आणि पात्र दर दुसऱ्या फ्रेमला पुढे गेले, तर पात्र पडद्यावर मागेपुढे थरथरताना दिसते. रूट हाड (सबंध पात्राला जागेवरून हलवणारे मूळ हाड) प्रत्येक फ्रेमला हलवून फक्त पोझ दोनवर ठेवली, तर थरथर जाते, पण टेकलेला पाय एका फ्रेमपुरता घसरतो. कॅमेराही दोनवर टाकला, तर पात्र स्थिर राहते आणि मागची बैठक अडखळते. सध्या माझा कल रूट हाड हलवण्याच्या उपायाकडे आहे, कारण धावताना पावले तशीही मातीत रुतलेली असल्याने घसरण लपते. कोणी असा पात्राबरोबर सरकणाऱ्या कॅमेऱ्याचा (ट्रॅकिंग) शॉट दोन-दोन फ्रेमवर केला असल्यास पायाचा हिशेब कसा ठेवला, ते जरूर कळवावे. तोवर मी धावण्याच्या पोझ काढायला घेतो.