आमची वाटचाल : एका लहान फाउंड्रीतील वीज, वाळू आणि माणसे

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची ग्रे आयर्नची (करड्या ओतीव लोखंडाची) लहान फाउंड्री, म्हणजे वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवणारा कारखाना आहे. वडिलांच्या काळातला कोकवर चालणारा क्युपोला (उभी भट्टी) जाऊन विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आली आणि धूर पुष्कळ कमी झाला, तरी वीज आणि वाळूची नासाडी हा आमच्या धंद्यापुढचा मोठा प्रश्न राहिलाच. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. तपासणीत रिजेक्ट झालेले कास्टिंग (ओतून तयार केलेला भाग) भंगार म्हणून पुन्हा भट्टीत घालता येते, पण त्यावर खर्चलेली वीज परत मिळत नाही. म्हणून रिजेक्शन कमी करणे हेच आमच्यासारख्या कारखान्याचे पर्यावरणासाठीचे पहिले काम आहे, असे मी मानतो.

हे काम यंत्रांइतकेच मजुरीच्या पद्धतीवर अवलंबून असते. साच्यांच्या संख्येवर पैसे मिळणारा मोल्डर (साचे बनवणारा कामगार) वाळूतील ओल तपासायला कशासाठी थांबेल? कारभार हाती आल्यावर मी प्रोत्साहन भत्ता तपासणीत पास झालेल्या कास्टिंगवर ठरवला आणि तो वाळू मिलवरील (वाळू मिसळण्याच्या यंत्रावरील) कामगार, कोअर (भागातील पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) करणाऱ्या महिला, मोल्डर, भट्टीवाले आणि फेटलिंगवाले (कास्टिंग घासून साफ करणारे) अशा सर्वांत वाटला. कारण ब्लो होल (वायूमुळे कास्टिंगमध्ये पडणारे छिद्र) ओल्या वाळूमुळे आले, कोअरमधला वायू अडकल्यामुळे आले की धातू थंड ओतल्यामुळे, याचा दोष पुष्कळदा कोणा एकावर ठेवता येत नाही.

साचे तयार नसतील तर चार्ज (भट्टीत माल भरून वितळवणे) सुरू न करण्याचा अधिकार भट्टीवाल्याला दिला आहे. वितळलेला धातू तसाच धरून ठेवण्यात वीज वाया जाते. ग्राहकाची गाडी दारात उभी असली तरी भट्टीवाल्याचा निर्णय मी बदलत नाही. मालकाने एकदा जरी तो मोडला, तर बाकीच्या सूचनांना कोणी किंमत देणार नाही.

नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी वाळूच्या बारीक धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराची माहिती मराठीत आणि हिंदीत दिली जाते, कारण आमच्याकडे बिहार आणि ओडिशातून आलेली माणसेही आहेत. प्रशिक्षणाचा वेळ पगारी धरतो. केंद्र सरकारच्या झेड (झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट, म्हणजे मालात दोष नको आणि पर्यावरणाची हानी नको) प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के आणि लघु उद्योगांना ६० टक्के अनुदान आहे. त्याच्या तयारीत सुपरवायझरबरोबर कामगारांनाही बसवले आहे.

ठेकेदाराकडील कामगारांना पास झालेल्या कास्टिंगवरचा प्रोत्साहन भत्ता अजून मिळत नाही. यंदाच्या करारात त्यांचा समावेश व्हावा, यासाठी बोलणी सुरू आहेत.