तेरेखोलच्या रात्री आणि दोन सरकारं

सिंधुदुर्गातल्या आरोंद्याला तेरेखोल नदीच्या खाडीवर रात्री उभं राहिलं की समोरच्या काठावर हेडलॅम्प फिरताना दिसतात, तो काठ गोव्याचा. रात्रीच्या मासेमारीवर बंदी हवी का, हा प्रश्न इथे दोन्ही काठांचा. पाग (फेकायचं जाळं) तोच, शेवटे नि तांबोशी ही मासळी पण तीच, सुकती (ओहोटी) लागली की दोन्हीकडचे एकदमच उतरतात. पण मासेमारी राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय (नोंद २१) म्हणजे एकाच पाण्याला दोन खाती, दोन कायदे. त्यात तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला, आपल्या महाराष्ट्राच्या बाजूला, तरी गोव्याचा, म्हणजे मुखाजवळ नदी ओलांडली तरी हद्द बदलत नाही, आता अंधारात होडीतल्या माणसाने हे कसं ओळखायचं?

माझं मत, गरी (गळ) आणि पागवाल्यांना रात्री खुशाल मासे मारू द्या, भरती-ओहोटी काय ऑफिसचा टाइम बघून येत नाही. बंदी हवी ती बारीक आसाच्या (भोकांच्या) जाळ्यांना आणि प्रखर लाईट टाकून पिल्लं गोळा करण्याला. सुरुंग आणि विषाला तर १८९७ च्या मासेमारी कायद्यापासूनच मनाई आहे, पण पकडायला रात्री येतो कोण? दोन्ही राज्यांनी जाळ्याचा आस तरी एकच ठरवावा आणि गस्तीची बोट मिळून फिरवावी, नाहीतर नियम मोडणारा इकडून हाकलला की वल्हं मारून पलीकडे, झालं!